विचारा की! : पेडल सोडलं तरी सायकल पळते कशी

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की नववीच्या पुस्तकातला बल आणि गतीचा धडा ज्यांना अडतोय त्यांनी प्रश्न पाठवा, तर खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी आणि बेळगाव शहरातून इतके प्रश्न आले की सगळे एका अंकात बसत नाहीत. पण वाचता वाचता एक गोष्ट सारखी दिसत गेली, व्याख्या सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत आणि गाठ सगळ्यांची एकाच जागी पडलीय. वस्तू हलवायला जोर लागतो हे पटतं, पण हलत राहायला जोर लागत नाही हे कुणालाच मनातून पटलेलं नाहीय, आणि न पटणं चूक नाही बरं का, भल्याभल्यांना शेकडो वर्षं पटलं नव्हतं. म्हणून पहिला प्रश्न जरा ऐसपैस घेतो.

"सर, मी निपाणीजवळच्या खेड्यातून रोज सायकलने शाळेला जाते. पुस्तकात लिहिलंय की बाहेरून बल लागलं नाही तर चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते. पण मी पेडल मारायचं बंद केलं की सायकल थांबते की. मग न्यूटनचं बरोबर कसं?" – नववीतली विद्यार्थिनी

पोरी, पहिलं सांगतो, तुझ्यासारखंच ॲरिस्टॉटलला वाटायचं. ढकलणारा असेल तोवरच वस्तू चालते, ढकलणारा गेला की थांबते, असं तो म्हणाला आणि पुढं जवळजवळ दोन हजार वर्षं लोक तेच मानत आले, कारण रोज डोळ्यांना तेच दिसतं. बैल थांबले की गाडी थांबते, पेडल थांबलं की सायकल थांबते.

आता नीट बघ. पेडल सोडल्यावर सायकल लगेच थांबते का? नाही. ती पन्नास पावलं जाते, शंभर पावलं जाते, हळूहळू मंदावत जाते. म्हणजे ढकलणारा गेला तरी ती चाललीच होती, मग तिला थांबवलं कुणी हा खरा प्रश्न आहे. टायर रस्त्यावर दबतो, आतले बेअरिंग घासतात, समोरची हवा छातीवर आपटते, हे सगळे मिळून मागं खेचतात आणि हे सगळे डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून आपण म्हणतो सायकल आपोआप थांबली. आपोआप काहीच थांबत नाही. तू पेडल मारतेस ते सायकल चालू ठेवायला नव्हे, तर ह्या मागं खेचणाऱ्यांना फेडायला मारतेस. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जातेस तेव्हा पुढचा जोर आणि मागचा जोर अगदी सारखा असतो, एकूण बल शून्य, आणि म्हणूनच वेग बदलत नाही. हे वाक्य दोनदा वाच, सगळा धडा ह्यात आहे.

करून बघायचं असेल तर शाळेच्या मैदानात एक रेघ मार, रेघेपर्यंत जोरात ये आणि तिथं पेडल सोड, ब्रेक लावू नको, सायकल जिथं थांबेल तिथं खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खूण कर. मग टायरमधली हवा थोडी कमी करून परत तेच कर आणि शेवटी हवा टाईट भरून कर. रेघेवरचा वेग दर वेळी सारखा ठेवणं जमायला चार-पाच खेपा लागतील पण खुणा बोलतील. पेडल सोडल्यावर ढकलणारं तर तिन्ही वेळा कुणीच नव्हतं, मग अंतर का बदललं? कारण मागं खेचणारं बदललं. कॅरमवर पण तेच, पावडर न टाकता स्ट्रायकर मार आणि मग बोरिक पावडर पसरून मार.

गॅलिलिओने नेमका हाच विचार केला. समोरासमोर दोन उतार ठेवले आणि एकावरून गोळी सोडली तर ती दुसऱ्या उतारावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. दुसरा उतार कमी तिरका केला तर तेवढी उंची गाठायला गोळी लांब जाते, अजून कमी केला तर अजून लांब जाते, मग तो पूर्ण आडवाच केला तर? उंची कधी येणारच नाही, म्हणजे घर्षण नसेल तर गोळी जातच राहील. पुढं न्यूटनने १६८७ साली तेच नियम म्हणून मांडलं. आणि घर्षण जवळपास नसलेली जागा बघायची तर वर बघ, व्हॉयेजर १ हे यान १९७७ साली सोडलंय, आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललंय आणि मागून कुणीही ढकलत नाहीय.

"जांबोटीच्या बसमध्ये उभं राहिलं की ब्रेक मारल्यावर माणूस पुढं जातो आणि घाटात वळणावर बाहेरच्या बाजूला फेकला जातो. हे फेकणारं बल कुठलं? परीक्षेत काय नाव लिहायचं?" – नववी, खानापूर

नाव लिहायचंच नाही, कारण रस्त्यावर उभा राहून बघणाऱ्याच्या हिशोबात असलं बलच नाही. बस ताशी ४० ने चाललीय म्हणजे तू पण ताशी ४० नेच चाललायस. ड्रायव्हरने ब्रेक मारला तो बसला मारला, तुला नाही. बस हळू झाली, तुझे पाय बसच्या फरशीला घासतात म्हणून पाय हळू झाले, पण वरचं अंग अजून त्याच वेगात आहे, म्हणून तू पुढं झुकलास. पुढं कुणी ढकललं नाही, तू जसा चालला होतास तसाच चालत राहिलास, हेच जडत्व.

वळणाचं पण अगदी तसंच हो. चोर्ल्याच्या घाटात बस डावीकडं वळते तेव्हा तुझं अंग सरळच जायला बघतं, बस तुझ्याखालून डावीकडं सरकते आणि तुला वाटतं मी उजवीकडं फेकलो गेलो. खरं तर उजवीकडची सीट किंवा खिडकीचा दांडा तुला आत ढकलतो तेव्हा कुठं तू बसबरोबर वळतोस. म्हणजे वळताना जे बल लागतं ते आतल्या बाजूला लागतं, बाहेर नाही. गाडीला हे आतलं बल टायर आणि रस्त्याचं घर्षण देतं आणि इथं आकडे बघण्यासारखे आहेत. समजा वळणाची त्रिज्या २० मीटर आहे आणि रस्ता सपाट आहे. ताशी ३० ने वळायला साधारण साडेतीन मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण लागतं (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या), आणि ताशी ४० ने गेलं तर ते सहाच्या वर जातं. वेग फक्त १० ने वाढला आणि गरज पावणेदोन पटीहून जास्त झाली! ओल्या रस्त्यावर घर्षण चारच्या आसपासच देऊ शकत असेल तर ३० वाली गाडी वळते आणि ४० वाली घसरते. आपल्याकडं पावसात जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर टू-व्हीलर घेऊन जाणारे मोठे दादा लोक हे वाचत असतील तर त्यांनी तो वर्ग लक्षात ठेवावा, वेग दुप्पट तर लागणारं बल चौपट, आणि ब्रेक मारून थांबायचं अंतर पण चौपटच.

"एक किलो बटाट्याचं वजन एक किलो म्हणणं चूक आहे असं सर म्हणतात. बाजारात तर सगळे तसंच म्हणतात." – आठवी, बेळगाव

बाजारात म्हणू दे, तिथं चालतं. पुस्तकात किलोग्रॅम हे वस्तुमान, म्हणजे माल किती आहे ते, आणि वजन म्हणजे पृथ्वी त्या मालाला किती जोराने खाली ओढते ते, ते न्यूटनमध्ये मोजायचं. एक किलोला पृथ्वी साधारण ९.८ न्यूटनने ओढते. एक न्यूटन केवढा हे हाताला कळायला हवं असेल तर पाव किलो कुंद्याचा पुडा तळहातावर धर, तो अंदाजे अडीच न्यूटनने हात खाली दाबतो. चंद्रावर तोच पुडा नेला तर कुंदा पाव किलोच राहणार, पण हाताला जेमतेम सहावा हिस्सा भार लागणार.

"आमच्यात ट्रॅक्टर आहे, हंगामात वडील दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याला नेतात. तिसरा नियम म्हणतो की ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने ट्रॉली ट्रॅक्टरला मागं ओढते. दोन्ही सारखे मग गाडं जागचं हलतं कसं?" – दहावी, अथणी तालुका

ह्या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न, आणि मोठमोठ्यांना नीट सांगता येत नाही म्हणून सावकाश सांगतो.

दोन बलं सारखी आणि उलट आहेत हे खरंय, पण ती लागतात कुणाकुणाला ते बघ. एक ट्रॉलीला लागतंय, दुसरं ट्रॅक्टरला लागतंय. वजाबाकी एकाच वस्तूवरच्या बलांची करायची असते. तू अथणीत जेवलास म्हणून इथं बेळगावात माझी भूक भागत नाही, तसंच हे. म्हणून कागदावर दोन वेगळी चित्रं काढ. पहिल्या चित्रात फक्त ट्रॉली, तिला पुढं ओढतोय हूक आणि मागं खेचतंय चाकांचं घर्षण, हुकाचा ओढा जास्त झाला की ट्रॉली हलली. दुसऱ्या चित्रात फक्त ट्रॅक्टर, त्याला मागं ओढतेय ट्रॉली, मग पुढं कोण नेतंय? इंजिन म्हणशील, पण इंजिन तर ट्रॅक्टरच्या पोटातच आहे, ते स्वतःला कसं ओढणार! मागचं मोठं चाक जमिनीला मागं ढकलतं आणि तिसऱ्याच नियमाने जमीन चाकाला पुढं ढकलते. ट्रॅक्टरला नेते ती जमीन. पटत नसेल तर पावसात चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आठव, इंजिन तेच, डिझेल तेच, चाक गरगर फिरतंय आणि ट्रॅक्टर तिथंच, कारण चिखल चाकाला उलट ढकलू शकत नाही. बैलाचं पण तसंच, बैल खुराने जमीन मागं रेटतो, म्हणून ओल्या गुळगुळीत डांबरावर चांगला दांडगा बैल पण घसरतो.

आता तुझ्या प्रश्नाच्या पुढचं सांगतो, ते तू विचारलं नाहीस पण तुझे वडील त्या सीटवर बसतात म्हणून मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वडिलांना पण वाचून दाखव. ओढताना जमीन जशी लागते तशीच थांबवताना पण जमीनच लागते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, तेव्हा अख्खी गाडी थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरच्या चाकांवर येतं. हिशोब करूया. समजा ट्रॅक्टर २,५०० किलोचा आहे आणि मागच्या दोन भरल्या ट्रॉल्या मिळून २०,००० किलो, एकूण झाले २२,५००. चांगल्या कोरड्या रस्त्यावर टायरची पकड भाराच्या ०.६ पट धरू आणि ट्रॅक्टरचा सगळा भार ब्रेकच्या चाकांवर आहे असं पण धरू (खरं तर थोडा पुढच्या चाकांवर असतो, म्हणजे खरी गोष्ट ह्याहून वाईटच). तर ब्रेकचं जास्तीत जास्त बल २,५०० × ९.८ × ०.६ म्हणजे १४,७०० न्यूटन. ते २२,५०० किलोला थांबवायचं, म्हणजे वेग दर सेकंदाला फक्त ०.६५ मीटरने कमी होणार. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, एवढ्या सावकाश चाललेली गाडी सपाट रस्त्यावर थांबायला साधारण २४ मीटर घेते.

आता उतार आला. २० मीटरला १ मीटर उतार असेल तर पृथ्वी त्या २२,५०० किलोला उतारावरून ११,००० न्यूटनने पुढं ओढते, ब्रेककडं शिल्लक राहिले ३,७०० च्या आसपास, आणि थांबायचं अंतर गेलं ९० मीटरच्या वर. आणि १५ मीटरला १ मीटर उतार असेल तर? करून बघ. उत्तर बरोब्बर १४,७०० येतं. जेवढा ब्रेक तेवढाच उतार, एकूण बल शून्य, आणि एकूण बल शून्य म्हणजे पहिल्या प्रश्नातलं तेच वाक्य, वेग बदलत नाही. ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभं राहिलं तरी गाडी ताशी २० नेच खाली जात राहणार. उतार त्याहून जरा जास्त असला, रस्त्यावर मळीचा चिखल किंवा उसाचा पाला पडलेला असला की वेग वाढतच जाणार. त्यात ट्रॉली मागून ढकलत असते, ट्रॅक्टर जरा तिरका झाला की ती त्याला बाजूला फिरवते आणि गाडी दुमडते. म्हणून उताराच्या आधीच लहान गिअर टाकून हळू व्हायचं, उतारावर क्लच दाबायचा नाही आणि न्यूट्रल तर कधीच करायचं नाही. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलवर सोडणारे मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आलाय. खरा उपाय ट्रॉलीला पण ब्रेक असणं आणि माल कमी भरणं हाच आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

उतार किती महाग पडतो हे बघायला आपल्या कॅसलरॉकची रेल्वे घ्या की. गोव्यातल्या कुळेहून वर कॅसलरॉकला येताना घाटात ३७ मीटरला १ मीटर चढ आहे, ऐकायला काहीच वाटत नाही, तरी तिथं जड गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड टायरपेक्षा पुष्कळ कमी असते.

"गोकाकच्या धबधब्यावरून दगड आणि झाडाचं पान एकदम सोडलं तर दगड आधी पडणार की. मग जड आणि हलकं सारख्याच वेगाने पडतं असं पुस्तकात का?" – आठवी, हुक्केरी

आधी एक विनंती, तिथं वरून दगड टाकू नका, खाली माणसं असतात. डोक्यातच टाकूया.

पृथ्वी दगडाला जास्त जोराने ओढते हे खरंय, दगड पानापेक्षा हजार पट जड असेल तर हजार पट जोराने ओढते. पण हजार पट जड वस्तूचा वेग वाढवायला पण हजार पट जोर लागतो, त्यामुळं फिट्टंफाट, दोघांचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरनेच वाढतो. फरक पाडते ती हवा. पान पसरट आणि हलकं, हवेचा विरोध त्याच्या वजनाएवढा लगेच होतो आणि मग ते तरंगत येतं. घरात बघायचं तर वहीवर वहीपेक्षा लहान कागदाचा तुकडा ठेव, कडा बाहेर येऊ देऊ नको, आणि वही आडवी धरून खाली गादीवर सोड. कागद वहीला चिकटल्यासारखा बरोबरच येतो, कारण समोरची हवा वहीने बाजूला केली. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं होतं, तिथं हवा नाही, दोन्ही एकदम खाली.

गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटर उंच आहे. हवा नसती तर वरून निघालेलं पाणी सव्वातीन सेकंदात खाली आलं असतं आणि खाली पोचताना वेग ताशी ११५ किलोमीटर झाला असता. गंमत अशी की पहिल्या सेकंदात ते पाच मीटर पण पडत नाही आणि तिसऱ्या एकाच सेकंदात साडेचोवीस मीटर पडतं. प्रत्यक्षात कडेकडेचं पाणी हवेने फुटून थेंब थेंब होतं आणि मोठा थेंब सुद्धा हवेतून ताशी बत्तीसच्या आसपासच पडू शकतो, म्हणून कडेचं पाणी धुरासारखं रेंगाळताना दिसतं आणि मधला जाड लोंढा धाडकन खाली जातो. पावसाळ्यात घटप्रभा भरली की जाऊन हे बघच, झुलत्या पुलाच्या बाजूने छान दिसतं.

"मी खो-खो खेळतो. सर ओरडतात की वळताना खांबाला हात लाव, पण हात लावला की वेळ जातो असं मला वाटतं. विज्ञान काय म्हणतं?" – नववी, बेळगाव तालुका

विज्ञान तुझ्या सरांच्या बाजूने आहे. तू सेकंदाला ५ मीटरने पळत येतोस आणि खांबाभोवती एक मीटर त्रिज्येत वळायला बघतोस तर वरच्याच सूत्राने २५ एवढं त्वरण लागतं, आणि मातीच्या मैदानावर तुझ्या पायाची पकड देऊ शकते फार तर सहा. म्हणजे नुसत्या पायावर वळायचं तर तुला वेग अडीचपर्यंत, निम्म्यावर आणावा लागेल, नाहीतर घसरून लांब जाशील. खांब पकडलास की खांब तुला आत ओढतो आणि जे बल माती देऊ शकत नाही ते तुझा हात आणतो. अंग आत कलतं ते पण त्यासाठीच. थोडा वेग तरीही कमी होणार, पण निम्मा नाही. पण हात खांदाभर ताणून नको, कोपरात जरा वाकवून लाव, कारण पन्नास किलोच्या अंगाला त्या वळणावर हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे शंभर किलोचं पोतं लटकावल्याएवढा ओढा लागतो आणि तो सगळा खांद्याला बसतो. उद्या सरावाला मित्राला घड्याळ घेऊन उभा कर, दहा वेळा हात लावून आणि दहा वेळा न लावता पळ, आणि सेकंद लिहून मला पाठव.